कर्नाकमध्ये माणूस नाही

वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या प्रतीच्या कादंबरीला प्रकरण मिळते, दुसऱ्या प्रतीच्या कादंबरीला परिच्छेद मिळतो आणि तिसऱ्या प्रतीच्या कादंबऱ्या 'याशिवाय' या शब्दानंतर स्वल्पविराम देत देत एका ओळीत बसवल्या जातात. मी स्वतः या 'याशिवाय'मध्ये मोडणारा लेखक असल्यामुळे त्या ओळीकडे माझे लक्ष इतरांपेक्षा अंमळ जास्त जाते. थोर कृतीवरून एका माणसाची प्रतिभा कळते हे खरे; पण त्या काळी सगळ्यांनाच सहज काय सुचत होते, हाताशी कोणते सामान होते, कशाची घाई होती आणि कशाकडे बघायला कोणाला सवड नव्हती, हे पाहायचे असेल तर त्या एका ओळीत उतरावे लागते.

मात्र आज ज्या कृतीविषयी लिहिणार आहे ती कादंबरी नव्हे. तो संगणकावर खेळायचा एक खेळ आहे. नाव 'पॉवरस्लेव्ह', साल १९९६, देखावा प्राचीन इजिप्तचा आणि खेळणाऱ्याच्या हातात बंदूक. दिवाळी अंक उघडून बसलेले वडीलधारे वाचक येथे कपाळाला आठी घालतील आणि त्यांचे नातू हसतील, हे मी जाणून आहे. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर. मुलांना इतिहास शिकवतो, आणि इजिप्तविषयी जे वाचले ते सारे हौसेने वाचले. हा खेळ मी प्रथम पाहिला तो १९९८ च्या सुमारास, तालुक्याच्या गावी एका संगणकवर्गात, वर्गाची वेळ संपून दिवे मालवायच्या आधीच्या अर्ध्या तासात. तेव्हा तो मला कंटाळवाणा वाटला आणि आजही वाटतो. पण का कंटाळवाणा वाटतो, याचे उत्तर शोधता शोधता मी पुस्तकांच्या पायांनी थेट नाईलच्या काठी जाऊन पोहोचलो.

प्रथम या खेळांच्या जातीविषयी दोन शब्द. इंग्रजीत यांना 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. आपण 'प्रथमपुरुषी बंदुकीचा खेळ' म्हणू. पडद्यावर नायक दिसतच नाही. दिसतो तो त्याचा हात, हातातले हत्यार आणि समोरचा बोळ. जे त्याला दिसते तेच आपल्याला दिसते. अमेरिकेतल्या टेक्ससमधील इड सॉफ्टवेअर या मंडळीने १९९२ साली 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' काढला, आणि मग या जातीचे पीक असे फोफावले की पुढची चार वर्षे दुकानात दुसरे काही दिसेना. कादंबरीकाराला हा 'प्रथमपुरुष' मोठा चमत्कारिक वाटतो. आमच्या प्रथमपुरुषी कादंबरीत 'मी' बोलतो, चुकतो, कोणाविषयी गैरसमज करून घेतो, आणि वाचक त्याच्यामागून एक पाऊल सावधपणे चालतो. या खेळातल्या 'मी'ला मात्र भूतकाळ नाही, नाव असून नसल्यासारखे आहे, आणि जगाशी बोलण्याची त्याची भाषा एकच, ती म्हणजे चाप. साहजिकच सारा भार पडतो तो समोर दिसणाऱ्या जागेवर. नायक मुका असेल तर जागेने बोलले पाहिजे.

'पॉवरस्लेव्ह' ज्यांनी केला त्या लोबोटॉमी सॉफ्टवेअर या कंपनीचे बिऱ्हाड वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड या गावी होते. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेत काम करणाऱ्या काही मित्रांनी नोकऱ्या सोडून १९९३ साली ती काढली होती. खेळाचे नाव आधी 'रुइन्स: रिटर्न ऑफ द गॉड्स' असे ठरले होते आणि तो थ्रीडी रिअल्म्स ही कंपनी प्रसिद्ध करणार होती. पुढे तो बेत मोडला आणि खेळ प्लेमेट्स इंटरॅक्टिव्हकडे गेला. ही प्लेमेट्स म्हणजे निन्जा टर्टल्स या कासवांच्या बाहुल्या विकून गबर झालेल्या खेळणी-कंपनीची शाखा. युरोपात तोच खेळ 'एग्झ्यूम्ड', म्हणजे 'थडग्यातून उकरून काढलेला', या नावाने बीएमजी इंटरॅक्टिव्हने काढला. बेत मोडला तरी थ्रीडी रिअल्म्सची एक वस्तू लोबोटॉमीच्या घरी राहिली. ते होते 'बिल्ड' नावाचे इंजिन.

इंजिन म्हणजे काय ते आमच्या गावच्या भाषेत सांगतो. ती पिठाची गिरणी. गिरणी एकाची असते आणि दळण सगळ्या गावाचे. कोणी जोंधळे आणतो, कोणी गहू आणतो. जाते तेच, पट्टा तोच. केन सिल्व्हरमन या विशीच्या आतबाहेरच्या मुलाने 'बिल्ड' लिहिले. त्यात नकाशा वरून पाहिल्यासारखा सपाट आखायचा, त्याचे कोनाकोनांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला जमिनीची एक उंची व छताची एक उंची द्यायची. झाली खोली उभी! राक्षस मात्र जाड नसत. ती सपाट चित्रे असत आणि आपण कुठूनही पाहिले तरी कापडी पडद्यासारखी वळून आपल्याकडे तोंड करीत. याच गिरणीवर १९९६ च्या जानेवारीत 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'चे दळण निघाले आणि ते घरोघर गेले. जूनमध्ये इड सॉफ्टवेअरने 'क्वेक' आणला, ज्यात राक्षसालाही पाठ होती, पोट होते आणि सावली होती. त्यानंतर वर्षअखेरीस 'पॉवरस्लेव्ह' संगणकावर आला. म्हणजे वऱ्हाड जेवून उठल्यावर पंगतीत येऊन बसावे तसेच झाले. परीक्षणे कोमट आली. वाईट म्हणावा इतका तो वाईट नव्हता, आणि वाईट असता तर निदान लोकांच्या लक्षात तरी राहिला असता.

पण उशीर झाला म्हणून तो फसला, हे मला पटत नाही. उशिरा आलेले पाहुणेही गप्पा मारून पंगत रंगवतात. 'ड्यूक'चीच गिरणी, 'ड्यूक'चेच जाते. मग एकाच्या पिठाची भाकर फुगते आणि दुसऱ्याची थापताना चिरते, असे का व्हावे? याचे कारण दोन्ही खेळ एकामागून एक खेळताना मला दिसले. 'ड्यूक'मध्ये आपण लॉस एंजल्सच्या रस्त्यावर उतरतो. समोर चित्रपटगृह आहे. तिकिटाची खिडकी आहे, आत खुर्च्या आहेत, चित्र पाडणारी खोली आहे, स्वच्छतागृह आहे. प्रत्येक खोली कशासाठी आहे ते आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे तिथे डुक्करतोंड्या शिपाई उभा दिसला की दचकायला होते. त्याची ती जागा नव्हे, हे कोणी सांगावे लागत नाही. 'पॉवरस्लेव्ह'मध्ये एक दगडी बोळ लागतो, मग चौक, मग दुसरा बोळ, मग पाण्याचे टाके. भिंतीवर चित्रलिपी आहे, मशाली आहेत, दारात कुत्रामुखी पुतळे आहेत. चित्रकारांनी कष्ट केले आहेत यात शंका नाही. वाळूचा तो पिवळा रंग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पण हा बोळ कशासाठी आहे? या चौकात कोण बसत असे? या टाक्याचे पाणी कोण भरी? खेळाला ते ठाऊक नाही, आणि म्हणून तिसऱ्या टप्प्यानंतर आपल्यालाही ते जाणून घ्यावेसे वाटत नाही. इजिप्त हा भिंतीला डकवलेला कागद होऊन बसतो.

आता गोष्ट ऐका. कर्नाक या नगरीचा जगाशी संपर्क तुटला आहे. किल्मात नावाच्या परग्रहवासी टोळीने ती बळकावली आहे. सैन्याचा एक निवडक जवान हेलिकॉप्टरने पाठवला जातो, हेलिकॉप्टर पाडले जाते, जवान वाचतो. तो जवान म्हणजे आपण. वाट दाखवायला येतो राजा रामसेसचा आत्मा. किल्मातांनी त्याची ममी थडग्यातून उकरून नेली आहे आणि तिच्यातली शक्ती वापरून त्यांना जगावर राज्य करायचे आहे. कोणता रामसेस, ते खेळ सांगत नाही. या नावाचे अकरा राजे झाले. बहुधा दुसराच असावा, कारण जगाला तेवढाच माहीत असतो. मग आपण सुरा, पिस्तूल, मशीनगन, नागाच्या फण्याची काठी अशी हत्यारे गोळा करीत निघतो आणि समोरून ममी, अनुबिस, बास्तेत यांच्या फौजा येतात. अनुबिस हा खरा मृताचा पाठीराखा, त्याला पैलतीरी नेणारा. बास्तेत ही घराचे रक्षण करणारी मांजरदेवी. त्यांना अंगावर घालणे म्हणजे आपल्या नंदीने भाविकांना शिंगावर घेण्यासारखे आहे. पण या तक्रारीत फार दम नाही. कथा म्हटली की देवांना नवी सोंगे घ्यावी लागतात आणि आपल्या पौराणिक नाटकमंडळ्यांनी ती कमी घेतलेली नाहीत.

मला खटकते ते निराळेच. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याला भेटणारा, आपल्याशी चार शब्द बोलणारा इजिप्शियन माणूस एकच, आणि तो मरून सव्वातीन हजार वर्षे झालेली! बाकीचे कर्नाककर कुठे गेले? गोष्टीच्या पहिल्या वाक्यात ते नाहीसे झाले आणि पुढे कोणी त्यांची चौकशी केली नाही. न्हावी, शिक्षक, टांगेवाले, देवळाच्या दारात बाटलीबंद पाणी विकणारी पोरे, सगळे एका दमात पुसले गेले. रिकामे गाव हे या जातीच्या खेळांची सोय असते, कारण जिवंत माणूस मध्ये आला की गोळी झाडताना विचार करावा लागतो. तरीही 'ड्यूक'च्या रिकाम्या शहरात माणसांच्या खुणा पसरलेल्या होत्या. येथे त्याही नाहीत.

खुणा मिळत नव्हत्या असे म्हणावे, तर इजिप्तइतक्या खुणा कोणत्याच देशाने ठेवलेल्या नाहीत. कर्नाकचे देऊळच पाहा. नाईलच्या पूर्व तीरावर, आजच्या लक्सर शहरात, आमून देवाचे हे क्षेत्र जवळजवळ दोन हजार वर्षे बांधले जात होते. उंच वेशीतून आत जावे. प्रथम उन्हाचा मोकळा चौक. मग सेती पहिला आणि त्याचा मुलगा रामसेस दुसरा यांनी उभारलेला १३४ खांबांचा सभामंडप. त्यातले मधल्या रांगेचे १२ खांब उंच, बाकीचे १२२ त्याहून ठेंगणे, आणि दोन्ही छतांच्या मधल्या फटीत दगडी जाळ्या बसवून तेवढाच कवडसा आत घेतलेला. इजिप्तच्या देवळांची रीतच अशी, की पुढे जावे तशी जमीन हळूहळू चढते, छत उतरते, उजेड आटतो, आणि शेवटी लहानशा काळोख्या गाभाऱ्यात देव. चौकापर्यंत सणावारी लोक येत, मंडपात मोजकेच, गाभाऱ्यात फक्त पुजारी. तो देवाला सकाळी जागे करी, स्नान घाली, वस्त्रे नेसवी, नैवेद्य दाखवी, आणि देवाचे झाले की तोच नैवेद्य पुजाऱ्यांत वाटला जाई. वर्षातून एकदा ओपेतच्या उत्सवात देव नौकेच्या आकाराच्या पालखीत बसून कर्नाकहून लक्सरच्या देवळाला जाई आणि वाटेवर गर्दी लोटे. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पाहा, खेळाचा आराखडा आयताच तयार होता! उन्हातून काळोखात, सर्वांच्या जागेतून एकाच्या जागेत, आणि पावलागणिक 'येथून पुढे तुला अधिकार नाही' असे बजावणारे दार. बंदूक हातात घेऊन गाभाऱ्याचा उंबरा ओलांडणे म्हणजे काय, हे अंगावर काटा येईल असे दाखवता आले असते. 'बिल्ड'च्या गिरणीला तर जमिनीची उंची आणि छताची उंची याच दोन गोष्टी उत्तम दळता येत होत्या. पण केलेल्यांनी कर्नाक हे नुसते नाव घेतले आणि त्याखाली थडगी, खाणी, लाव्हा व दलदल यांची सरमिसळ केली. थडगी तर त्या काठाला नाहीतच म्हणायची. राजांची थडगी नदीपलीकडे, सूर्य मावळतो त्या बाजूला.

आणि पलीकडच्या त्याच काठी, आज देर अल-मदिना म्हणतात त्या जागी, थडगी खोदणाऱ्या व रंगवणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. ते लिहिणारे लोक होते. खापऱ्यांवर, दगडाच्या कपच्यांवर त्यांनी हिशेब, भांडणे, धुण्याच्या याद्या, सारे लिहून ठेवले. ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक मोठी कपची आहे. रामसेस दुसरा याच्या राज्याच्या चाळिसाव्या वर्षी कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही आणि का आला नाही, याचा तो हजेरीपट. कोणी आजारी होता, कोणी घरी बिअर गाळत होता, कोणाच्या आईला मूठमाती द्यायची होती, आणि एकाला विंचू चावला होता. मी वर्गात हजेरीपट उघडतो तेव्हा मला तो लेखनिक कारकून आठवतो. 'पॉवरस्लेव्ह'मध्येही विंचू आहे: विंचवाची देवता सेल्किस अक्राळविक्राळ रूप घेऊन येते आणि तिच्यावर पिशवीतल्या सगळ्या गोळ्या रित्या कराव्या लागतात. पण त्या कपचीवरचा विंचू मला अधिक डसतो, कारण त्याने चावलेल्या माणसाची त्या दिवशीची रजा मांडलेली आहे. याच वस्तीतले कारागीर पुढे रामसेस तिसरा याच्या एकोणतिसाव्या वर्षी, धान्याचा पगार थकला म्हणून, हत्यारे खाली ठेवून देवळांच्या मागे जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप मानतात. त्याचा पपायरस इटलीत तुरीन येथे आहे. आम्ही भुकेने आणि तहानेने येथवर आलो आहोत, हे गाऱ्हाणे त्यांनी अधिकाऱ्यांपुढे मांडले आणि ते टिपले गेले. मुलांना पिरॅमिडची उंची सांगितली तर ती वहीत उतरवून घेतात. हा संप सांगितला तर 'मग धान्य मिळाले का?' असे विचारतात. मिळाले, पण पुन्हा थकले, आणि पुन्हा ते बसले.

येथे लोबोटॉमीची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्यांच्या हातून चांगला 'पॉवरस्लेव्ह'सुद्धा झाला आहे. त्याच नावाचा, त्याच गोष्टीचा, जवळजवळ त्याच सुमारास. दूरचित्रवाणीला जोडायचे सेगा सॅटर्न नावाचे यंत्र तेव्हा बाजारात होते आणि 'बिल्ड'ची गिरणी त्याला बसेना. तेव्हा एझ्रा ड्राइसबाख या त्यांच्या प्रोग्रामरने 'स्लेव्हड्रायव्हर' हे इंजिन मुळापासून लिहिले. सॅटर्न यंत्र आडमुठे म्हणून प्रसिद्ध. इतर यंत्रे त्रिकोणांवर चित्र रचत असता हे चौकोनांवर रचत असे, आणि त्यात दोन प्रोसेसर एका जूवर चालवावे लागत. इतरांनी हात टेकले होते तेथे यांनी रंगीत, हलता उजेड दाखवला. १९९७ मध्ये त्याच इंजिनावर त्यांनी 'ड्यूक' आणि चक्क 'क्वेक'ही सॅटर्नवर उतरवला. जाणकार अजून त्याची वाखाणणी करतात.

पण यंत्राची करामत हा भाग गौण. दुसऱ्याची गिरणी सोडून स्वतःचे जाते टाकताना त्यांना खेळाचीच नव्याने मांडणी करावी लागली. संगणकावरच्या खेळात टप्प्यामागून टप्पा असतो. मागचा टप्पा संपला की कायमचा संपला. मध्ये सोन्याचा भुंगेरा ठेवलेला असतो, मेलात तर तेथून पुन्हा सुरुवात, आणि जीव मोजके. सॅटर्न व प्लेस्टेशनवरच्या खेळात मात्र मागे जावे लागते. सोबेकचा मुखवटा मिळाला की पाण्याखाली श्वास घेता येतो; मग पहिल्या गावात पाहून ठेवलेले ते खोल टाके आठवते. इसिसची शाल मिळाली की अधांतरी तरंगता येते. मग दरीपलीकडचा तो कट्टा आठवतो. होरसचे पीस मिळाले की उडताच येते. म्हणजे जागा ध्यानात ठेवावी लागते. तिचा काही उपयोग आहे असे वाटू लागते. तिच्याशी ओळख होते. माणूस तेथेही नाही, पण निदान खेळणारा त्या गावाचा रहिवासी होतो. ज्या गावी दुसऱ्यांदा जावे लागत नाही त्या गावाचे रस्ते कोणाला आठवतात? एकाच घरातली ही दोन भावंडे. धाकट्याचे कौतुक झाले आणि थोरल्याची 'याशिवाय'मध्ये रवानगी झाली.

युरोपातले ते दुसरे नाव, 'उकरून काढलेला', मला मूळ नावापेक्षा नेमके वाटते. ते रामसेसला शोभते. इ. स. पूर्व १२१३ मध्ये सहासष्ट वर्षांच्या राज्यानंतर तो वारला आणि राजांच्या दरीत पुरला गेला. पुढे थडगेफोड्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा पुजाऱ्यांनीच त्याला बाहेर काढले, एका थडग्यातून दुसऱ्यात हलवले, आणि कधी व कुठे हलवले याची टिपणे शवपेटीवर लिहून शेवटी देर अल-बहारीच्या डोंगरातल्या एका चोरखोलीत इतर राजांबरोबर दडवले. ती खोली प्रथम सापडली ती पलीकडच्या कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल घराण्याला. त्यांनी काही वर्षे गुपचूप वस्तू विकल्या. १८८१ मध्ये सरकारला सुगावा लागला, एमिल ब्रुग्श या अधिकाऱ्याने घाईघाईने खोली रिकामी केली, आणि राजे आगबोटीने कैरोला निघाले. त्या वेळी नाईलच्या दोन्ही काठी खेड्यांतल्या बाया केस मोकळे सोडून आक्रोश करीत होत्या आणि पुरुष बंदुकीचे बार काढत होते, असे वर्णन मिळते. गावच्या माणसाची अंत्ययात्रा निघावी तसे. १८८६ मध्ये मास्पेरोने त्याची वस्त्रे सोडली. १९७६ मध्ये बुरशी लागली म्हणून त्याला विमानाने पॅरिसला नेले; तेथे राजाला साजेशी मानवंदना मिळाली आणि किरणोत्साराने बुरशी मारून १९७७ मध्ये तो परतला. ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोत २२ राजाराण्यांची मिरवणूक निघाली आणि तो जुन्या संग्रहालयातून फुस्तातच्या नव्या संग्रहालयात गेला.

या साऱ्या हलवाहलवीत परग्रहवासी कोणी नाही. पुजारी, चोर, अधिकारी, शास्त्रज्ञ आणि काठावर रडणाऱ्या बाया आहेत. त्यातल्या रसूल घराण्याचे कुर्ना गाव थडग्यांच्या माथ्यावरच वसलेले होते. २००६ नंतर सरकारने ती घरे पाडली आणि लोकांना दूर नव्या वसाहतीत नेऊन ठेवले. पर्यटकाला निखळ प्राचीन डोंगर पाहता यावा म्हणून जिवंत गाव उठवायचे, हा विचार खेळ करणाऱ्यांपुरता नव्हता, असाच त्याचा अर्थ. इजिप्शियन माणसाच्या मनात मात्र 'कर्नाक' या शब्दाला निराळेच पदर आहेत. नगीब महफूझ यांची १९७४ ची एक कादंबरी याच नावाची आहे, आणि तिच्यातले कर्नाक म्हणजे कैरोतले एक कॉफीगृह. तेथे बसणारी तरुण मुले एकेक करून नाहीशी होतात, कारण त्यांना सरकारचे पोलीस उचलून नेतात. माणसे नाहीशी झालेले कर्नाक हे तेथेही आहे; फरक इतकाच की त्या कादंबरीत राहिलेले लोक रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून 'ते कुठे गेले?' असे विचारतात.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खेळ निघाल्यावर वर्षभराने, १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, कर्नाकच्या समोरच्या काठी देर अल-बहारीला, हत्शेपसुत राणीच्या देवळात, सहा बंदूकधारी शिरले. ६२ माणसे मेली. त्यांतले ५८ परदेशी प्रवासी आणि बाकीचे तेथलेच इजिप्शियन. खेळाचा या हत्याकांडाशी काडीचा संबंध नाही आणि तो जोडणारा माणूस शहाणा नव्हे. पण खेळ पाहिला तेव्हा ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचलेली होती, आणि पडद्यावरच्या त्या दगडी ओवऱ्यांतून बंदूक पुढे करून चालताना माझ्या मनात पहिल्यांदा आले की येथे तिकीट फाडणारा कोणी असेल, रखवालदार असेल. खेळाने ते माझ्या मनात येऊ दिले नव्हते.

याच हत्शेपसुतच्या देवळात २००१ मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेबच्या क्रोटीम या मंडळीने 'सिरियस सॅम' सुरू केला. त्यातही कर्नाक आहे, लक्सर आहे, आणि माणूस तेथेही नाही. पण त्यांनी अंधारे बोळ टाकून दिले आणि इजिप्तचे आभाळ घेतले. अफाट चौकात चारी दिशांनी राक्षसांचे लोंढे येतात. देवळांची भव्यता निदान मैदान म्हणून उपयोगी पडली. हे उथळ आहे, पण खुशालचेंडू आहे आणि आव आणीत नाही. पुढे २०१७ च्या 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'मध्ये इजिप्तमध्ये शेवटी माणसे आली: शेतकरी, कुंभार, नावाडी, ममी बांधणारे. २०१८ मध्ये त्याच खेळातून मारामारी वगळून नुसते हिंडून पाहण्याची सफरही त्यांनी काढली. ती मी माझ्या वर्गाला भाच्याच्या संगणकावर दाखवली आहे. मुले कुंभारापाशी सर्वांत जास्त वेळ थांबली.

लोबोटॉमी १९९८ मध्ये बंद पडली. माणसे पांगली, सॅटर्न यंत्र बाजारातून गेले, आणि 'पॉवरस्लेव्ह' कुठेही विकत मिळेना. २०१५ मध्ये सॅम्युअल व्हिलारियल या हौशी प्रोग्रामरने यंत्रावरच्या चांगल्या भावंडाला संगणकावर नव्याने उभे केले, पण ते लवकरच मागे घेतले गेले. शेवटी १० फेब्रुवारी २०२२ रोजी नाइटडाइव्ह स्टुडिओज या जुने खेळ जिवंत करणाऱ्या कंपनीने 'पॉवरस्लेव्ह एग्झ्यूम्ड' रीतसर बाजारात आणला. युरोप आणि अमेरिकेची दोन्ही नावे एकत्र, आणि आत सॅटर्न व प्लेस्टेशनवरच्या दोन रूपांचा संगम. उकरून काढताना अर्थातच धाकटा उकरला. थोरला, तो सपाट राक्षसांचा, मोजक्या जिवांचा, टप्प्यामागून टप्प्याचा, पुढे वेगळ्या स्वस्त प्रतीत, जुन्याच कपड्यांत विकायला ठेवला गेला.

मी तोच घेतला. शाळा सुटल्यावर, वह्या तपासून झाल्यावर अधूनमधून लावतो. दोन टप्प्यांच्या मध्ये त्यात एक नकाशा येतो. पुढचे ठिकाण लुकलुकते, आणि आजूबाजूला पिवळी वाळू पसरलेली. त्या नकाशावर गाव एकही नाही. मी एका कोऱ्या कागदावर तो नकाशा उतरवून घेतला आहे आणि त्यात पेन्सिलीने एकेक नाव भरत असतो: हे देर अल-मदिना, हे कुर्ना, येथे ओपेतच्या पालखीचा विसावा, हा विंचू चावलेल्या गवंड्याचा रस्ता. खेळात माझी प्रगती यथातथाच आहे. गेले दोन महिने मी अकराव्या टप्प्यावर अडलो आहे. पाण्याच्या टाक्यापलीकडचे दार काही केल्या उघडत नाही.